लिफ्ट केलेल्या जिप्सीला ब्रेक होज घेताना

गाडी दोन इंच वर घेतली, २३५/७५ चे टायर बसवले, स्नॉर्कल लावला, फोटो टाकले, लाईक्स पण आले, आणि ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणारे लवचिक रबरी पाईप, म्हणजे होज, मात्र अजून कंपनीने दिलेलेच, असं चित्र आपल्याकडे नेहमीचं आहे. कोणी जरा हौशी असला तर डायरेक्ट विचारतो, भाऊ ब्रेडेड (स्टीलच्या जाळीचे) टाकू का. अरे टाक ना, पण आधी लांबी किती ते सांग!

लिफ्ट दोन इंच म्हणजे होज दोन इंच लांब, एवढं सोपं नाहीये ते. चाक खाली किती लटकणार हे स्प्रिंग नाही, शॉकअप ठरवतो. लिफ्ट किटसोबत लांब शॉकअप आले की पूर्ण उघडल्यावर एक्सल आधीपेक्षा तीन-चार इंचसुद्धा खाली जाऊ शकतो, गाडी सपाट उभी असताना ते कळतच नाही. म्हणून चॅसीला जॅक लावून स्टँडवर घ्या, चाकं हवेत लटकू द्या, मग चॅसीच्या ब्रॅकेटपासून चाकावरच्या ब्रेक कॅलिपरपर्यंत जाड वायर वाकवून माप घ्या, आणि पुढच्या चाकाला स्टिअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करून परत बघा. मागे रिजिड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड) एक्सलला मधे एकच होज असतो, तिथे एक चाक वर एक खाली अशी परिस्थिती करूनच मोजायचं. होज ताणलेला नको, थोडा ढिला हवा, पण उगाच फूटभर जास्त पण नको, कारण सस्पेन्शन दबलं की तोच होज टायरला नाहीतर स्प्रिंगला घासतो. लिफ्ट छोटी असेल तर कधी कधी चॅसीवरचा ब्रॅकेट खाली सरकवून भागतं, स्वस्तात काम, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता ब्रेडेडचं. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलची जाळी, त्यामुळे प्रेशरला रबरासारखा फुगत नाही आणि पेडल कडक लागतं. गाडी कमी अंतरात थांबते वगैरे म्हणतात ते फारसं खरं नाही, मोठ्या टायरने बिघडवलेलं ब्रेकिंग नुसत्या होजने परत येत नाही. घ्यायचाच तर जाळीवर प्लास्टिकचं कोटिंग असलेला घ्या, कारण उघड्या जाळीत आपल्या मावळातला चिखल आणि बारीक वाळू शिरते आणि आतली नळी घासून खाते. होजवर एफएमव्हीएसएस १०६ किंवा एसएई जे१४०१, ही ब्रेक होजची अमेरिकन मानकं, छापलंय का बघा. लांब रबरी होज चांगल्या कंपनीचा मिळाला तर तोही चालतो, खरंच.

भोसरी-चाकण पट्ट्यात जेसीबीचे हायड्रॉलिक होज उभ्या उभ्या क्रिंप करून (टोकाला फिटिंग दाबून) देणारी दुकानं आहेत, आणि कोणीतरी सल्ला देतोच की तिथून करून घे, तीनशे बारचं प्रेशर सोसतो. प्रेशर सोसेल हो, पण तो पाईप मिनरल ऑइलसाठी बनलेला, डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्यात ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. ब्रेकला तो पाईप नाही म्हणजे नाही.

फिटिंगमध्ये पण एक गोची आहे. आपल्या सुझुकीला एम१० बाय १ (१० मिमी, १ मिमी अंतराचे) आटे, आणि अमेरिकन किटमध्ये ३/८-२४ (३/८ इंच, इंचाला २४) असू शकतात, दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात, एक-दोन आटे बसतात पण आणि मग पान्याने जोर लावला की आटे गेले. हाताने शेवटपर्यंत फिरलं पाहिजे. होज कॅलिपरला धरणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीनच टाकायचे, जुने घासून पुसून नाही. बऱ्याच रबरी होजवर लांबीला एक सरळ रेघ छापलेली असते, आवळल्यावर ती पिळलेली दिसली तर होज पिळलाय, सोडून परत बसवायचा. मग ब्लीडिंग, म्हणजे लाईनमधली हवा काढणं, ताज्या ऑइलने, आणि डॉट ५ चुकूनही नको, ते ग्लायकॉलचं नाही, सिलिकॉनचं असतं.

मागच्या एक्सलला लिव्हरने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर तोही बघा, बॉडी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचं ब्रेकिंग कमी करतो, लिव्हरचा ब्रॅकेट तेवढाच सरकवावा लागतो. आणि जिम्नीवाल्यांनो, तुमच्याकडे एबीएस आहे, तेव्हा चाकं लटकवलीच आहेत तर चाकाजवळच्या एबीएस सेन्सरची वायर पण त्याच वेळी मोजून घ्या.