यज्जी!

ट्युनिस. शुक्रवार, रात्री पावणेबारा.

आज मकरूद जमले. एकही फुटला नाही, एकाचंही सारण तेलात उतरलं नाही. झोपायच्या आधी लिहून ठेवते.

मकरूद म्हणजे रव्याच्या पारीत खजुराचं सारण भरायचं, शंकरपाळ्यासारखं तिरकं कापायचं, तळायचं आणि पाकात सोडायचं. शेजारच्या अल्जीरियातही करतात, पण इथे ट्युनिशियात मकरूद म्हटलं की कैरवान. जानेवारीत तिथे गेलो होतो. मोठी मशीद बघून जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरलो, तर दुकानादुकानांत परातींवर मकरूदांचे डोंगर. गरम पाकातून काढलेला एक हातावर ठेवला त्या दुकानदाराने. बोटं चिकट झाली, आणि तोंडात मात्र रव्याचा कण न् कण वेगळा लागला. तो कण मला घरी हवा होता.

गेल्या रमजानात एकटीने केले होते, तेव्हा सगळा घाणा वाया गेला. रवा भिजवला आणि हात आपोआप तिंबायला लागले. रव्याच्या करंज्यांचं पीठ आई पाट्यावर वरवंट्याने कुटायची, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. तेच हातात बसलेलं. मकरूद झाले दगड, आणि काही तेलात उलगडून खजूर जळाला.

म्हणून यंदा वरच्या मजल्यावरच्या आजींना बोलावलं. सगळा जिना त्यांना 'खाल्ती' म्हणतो, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणते. मोडक्यातोडक्या अरबीत आणि फ्रेंचमध्ये आमचं छान चालतं.

मोहन काल रात्रीच घातलं होतं. एक किलो मध्यम रवा, पाव किलोहून थोडं जास्त कोमट ऑलिव्ह तेल, मीठ, रंगापुरती हळद. दोन्ही तळव्यांत घेऊन कणाकणाला तेल लागेपर्यंत चोळायचं, मूठ वळली की झाकून ठेवायचं. इथला रवा ड्युरम गव्हाचा, आपल्या बन्सी रव्यासारखा पिवळसर. सारणाला अर्धा किलो मऊ खजूर. देग्लेत नूर जातीचा खजूर खाल्तीने बाजूला ठेवायला लावला, तो नुसता खायचा म्हणे. खजूर वाफवून, दालचिनी, चिमूटभर लवंग, संत्र्याच्या सालीचा कीस आणि चमचाभर तेल घालून मळला. इथे मळायला परवानगी होती!

खरी परीक्षा पुढे. कोमट पाणी शिंपडलं, बोटं फिरवली, आणि सवयीने तळव्याचा जोर दिला. खाल्तीने मनगटच धरलं. "यज्जी! यज्जी!" म्हणजे पुरे. मग माझे हात आपल्या हातांत घेऊन तिने दाखवलं: बोटांच्या टोकांनी फक्त गोळा करायचं, दाबायचं, सोडून द्यायचं. तेलाने रव्याचा कण वेगळा ठेवलेला असतो. जोराने मळलं की गव्हाचा चिकटपणा सुटतो आणि सगळं एकजीव होऊन कडक होतं. करंजीला हवं असतं तेच इथे नको. जोर न लावणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. चौथ्या गोळ्याला कुठे हात हलका पडला.

पुढचं भराभर झालं. रव्याची जाड वळी, मधे बोटाने खाच, खाचेत खजुराची बारीक वळी, कडा मिटवून पोळपाटावर अलगद लाटली. वरून खाल्तीचा लाकडी साचा दाबला. तो तिच्या सासूचा. नक्षीच्या खोबणी झिजून गुळगुळीत झाल्यात, तरी ठसा स्वच्छ उठतो. साच्याच्या रेघांवरूनच सुरी तिरकी चालवायची. मध्यम आचेवर तळताना मी कढईपाशी श्वास धरून उभी होते. बदामी झाले की थेट पाकात. पाकात लिंबू पिळलेलं आणि वरून संत्र्याच्या फुलांचं पाणी. तार येऊ द्यायची नाही, नाहीतर आत मुरत नाही.

पहिला खाल्तीने मोडला. रवा भुरभुरला, मधे खजुराची काळी चौकट. ती काही बोलली नाही, उरलेला अर्धा माझ्या तोंडात घातला.

साचा ती इथेच ठेवून गेली आहे. ईदेच्या आधी अजून एक किलोचे करायचेत, तिच्या मुलीकडे स्फाक्सला पाठवायला. आणि ते एकटीने करायला सांगितलंय. रवा आत्ताच चोळून ठेवला.