तुमच्यात माणूस गेल्यावर काय उरतं?

सहकाऱ्याच्या वडिलांचा दहावा होता. पिंड मांडून झाले होते, कावळा शिवत नव्हता. घाटावर ऊन चढत चाललेलं. शेजारी बसलेल्या एका सरांनी हळूच विचारलं, "तुमच्यात पुनर्जन्म नाही, श्राद्ध नाही. मग माणूस गेल्यावर उरतं काय हो?" वर्षातून दोन-चारदा तरी हा प्रश्न मला येतो, आणि बहुतेक अशाच जागी. तिथं काय बोलणार? "नंतर सांगतो" म्हणालो. ते आता सांगतो.

विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटतं, आत्मा अमर असतो, यांचंही तेच असणार. तसं नाही. मी नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. उपासनेत आम्ही विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणतो, त्याच्या शेवटी 'शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन' असे शब्द येतात. शरीराचे! जुनं वस्त्र टाकावं तसा देह टाकून आत्मा पुढे गेला, एवढ्यावर आमचं भागत नाही. मेल्यावर आत्मा देवापाशी असतो हे खरं, पण तो मधला मुक्काम. शेवटी देव उठवणार तो अख्खा माणूस. (म्हणून पुरायलाच हवं असंही नाही. कॅथलिक चर्चनंसुद्धा 1963 साली दहनाला मोकळीक दिली. राखेतून उठवणं देवाला जड नाही.)

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. कडबाकुट्टीत गेलेली, माझ्या जन्माआधी. ते गेले तेव्हा आम्ही त्यांना आंघोळ घातली, हात छातीवर जुळवले. सगळी बोटं एकमेकांत बसली, त्या एका बोटाची जागा तेवढी रिकामी राहिली. चर्चचे पाळकसाहेब "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ" म्हणत होते, पेटी दोरांवरून खाली चालली होती, आणि माझ्या डोक्यात भलताच प्रश्न: उठतील तेव्हा ते बोट पुरं झालेलं असेल का?

हसू नका. बायबलातल्या शुभवर्तमानात मेलेल्यांतून उठलेला येशू आपल्या थोमा नावाच्या शिष्याला खिळ्यांचे वण दाखवतो. म्हणजे मरणातून परत आलेल्या देहावरही वण होतेच. बोटाचं काय ते देव जाणे, पण आखूडच राहिलं तर मला बरं वाटेल. त्या बोटानं ते मला अंकगणित शिकवायचे, अर्धा म्हणजे काय ते दाखवायला.

आता दुःखाबद्दल. 'तुम्हाला आशा आहे, मग रडता कशाला?' असंही विचारतात, आमच्यातले काही अतिउत्साही लोकसुद्धा. आमच्याकडे दफनाच्या वेळी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय वाचतात. "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" हे त्यातलंच. नांगी हा शब्द आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, दगड उचलला की विंचू. नांगी मोडलेल्या विंचवाला दोरा बांधून आम्ही पोरं फिरवायचो. तो चावणार नाही हे पक्कं ठाऊक असायचं, पण अंगावर आला की किंचाळायचोच. माझा विश्वास साधारण तेवढा आहे. येशूचा मित्र लाजर मरून कबरेत 4 दिवस होता, त्याला उठवायलाच येशू त्याच्या गावी, बेथानीला, गेला होता, तरी कबरेकडे जाताना काय झालं? शुभवर्तमान लिहिणारा योहान दोनच शब्द लिहितो: "येशू रडला." आणि तो लाजर पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. आम्ही वाट बघतो ती तसल्या वाढीव मुदतीची नव्हे. पुन्हा मरण नाही, असं उठणं.

ईस्टरला पहाटे प्रभातफेरी झाली की आई कबरस्तानात जाते. काँग्रेस गवत उपटते, कलता क्रूस सरळ करते, आणि मग वडिलांना वर्षभराचं सांगत बसते: कुणाचं लग्न झालं, विहिरीला पाणी किती आहे. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, अशी आमच्या मंडळीची शिकवण. पाळकसाहेबांनी एकदा तिला हटकलं.

"प्रार्थना कुठं करतेय," आई म्हणाली, "सांगून ठेवतेय नुसतं. उठल्यावर विचारतील ना."