अंग सैल सोडा

मालिश करणारं माणूस कुठल्याही गावचं असो, पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास म्हणतं, ‘अंग सैल सोडा.’ केरळची मुलगी ते तुटक हिंदीत म्हणते, थायलंडमधली बाई न बोलता आपला हात उचलून गदागदा हलवते, आणि बाळंतपणात घरी येणाऱ्या मावशी म्हणतात, ‘अगं, मी काय तुला मारायला आलेय का?’ सांगून अंग सैल सुटलं असतं तर निम्म्या मानदुख्या घरच्या घरीच बऱ्या झाल्या असत्या. माझं तर हे वाक्य ऐकलं की उलटंच होतं. आधी जबडा आवळला जातो, मग तो आवळलाय हे लक्षात येऊन खांदे.

मालिश करून घेणं म्हणजे नुसतं पडून राहणं, असं ज्यांनी कधी करून घेतलं नाही त्यांना वाटतं. पडून राहणंच तर अवघड. शिवाय प्रत्येक प्रकारात पडून राहायची रीत वेगळी. कुठे लाज बाजूला ठेवावी लागते, कुठे तोंड उघडून बोलावं लागतं, कुठे आपला पाय आता आपला नाही हे मान्य करावं लागतं.

मावशींच्या हाताखाली यातलं काहीच आपल्याकडे नसे. सगळा कारभार त्यांचा. सकाळी यायच्या, पदर खोचायच्या, तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायच्या आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायच्या, ‘टाक्यांचं की साधं?’ टाक्यांचं असेल तर पोटाला हात नाही, टाके भरेपर्यंत कंबर आणि पायच. चार पानी फॉर्म भरून घेणाऱ्या जागा नंतर बऱ्याच पाहिल्या. पण बाळंतिणीला विचारायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या तीन शब्दांत होती. पायांपासून सुरुवात. अंगठ्याने तळव्याच्या मधोमध दाबत टाचेपर्यंत, मग पोटरी, मग गुडघ्याची वाटी तळहाताखाली हलकी फिरवून सोडून द्यायची. तोंडाने सबंध सोसायटीची बातमीपत्रं. कुणाच्या सुनेने शेगडी घेतली नाही, कुणाला दूध कमी, कुणाची आई चार दिवसांत कंटाळून परत गेली. मी त्या गोष्टींत इतकी गुंतायचे की कंबर कधी सुटली ते कळायचंच नाही. ही युक्ती होती की स्वभाव, देव जाणे.

मग बाळाची पाळी. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, त्यावर बाळ पालथं. तेल, मग साय-डाळीचं पीठ, मग तांब्याने पाणी, शेवटी ओवा-वेखंडाची धुरी. बालरोगतज्ज्ञांनी बजावलं होतं, नाकात-कानात तेल घालायचं नाही आणि तोंडाजवळ धूर नको. मावशी म्हणाल्या, ‘डॉक्टरांना लहानपणी कुणी न्हाऊ घातलं असेल?’ यात डॉक्टरांचंच बरोबर होतं. नाकातलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं. माझ्यासमोर तरी मावशींनी ते पाळलं. बाकी पाठीला, हातापायांना हलक्या हाताने तेल लावायला बहुतेक डॉक्टरांची ना नसते, आणि बाळांची तर मुळीच नसते.

आपल्याकडे घरातल्या इतरांच्या वाट्याला मालिश येतं ते वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीच्या पहाटे. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मात्र ते रोज सांगितलंय. रोज अभ्यंग करावा, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून. लगेच पुढे कुणी करू नये तेही आहे. कफाने जखडलेल्याने, नुकतंच शोधन, म्हणजे औषधाने पोट वगैरे साफ करणं, झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. म्हणजे आदल्या रात्री चकल्या-अनारशांवर आडवा हात मारून पाटावर बसणारे आपण सगळे शास्त्राबाहेरचे!

आयुर्वेदिक केंद्रात गेलं तर आधी वैद्य बसतात. नाडी, झोप, भूक, पोट साफ होतं का, आणि हा शेवटचा प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे. बाहेर पाटीवर ‘पंचकर्म’ लिहिलेलं असतं. पण वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (एनिमा), नस्य (नाकात औषध सोडणं) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही ती पाच कर्मं. तेल लावणं आणि वाफ देणं ही त्यांच्या आधीची तयारी, पूर्वकर्म. तासभर तेल लावून घेतलेला माणूस ‘पंचकर्म करून आलो’ असं ऐटीत सांगतो, तेव्हा त्याने खरं तर फक्त पूर्वतयारी केलेली असते. केंद्रवालेही त्याचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत.

मग द्रोणी. कडा उचललेलं लांब लाकडी टेबल, तेल ओघळून एका टोकाला जमा व्हावं असं. अंगावर एक सुती लंगोटवजा पट्टी, बाकी काही नाही. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष हा बऱ्याच केंद्रांचा नियम असतो, तरी पहिली पाच मिनिटं छताकडे बघत जातात. केरळ पद्धतीत दोघीजणी दोन्ही बाजूंना उभ्या राहून एकाच लयीत हात चालवतात. डावा खांदा आणि उजवा खांदा एकाच क्षणी, डावी पोटरी आणि उजवी पोटरी एकाच क्षणी. कोणता हात कुणाचा याचा हिशेब ठेवायचा मी बराच प्रयत्न केला. तो सुटला तेव्हाच अंगही सुटलं. मोजत राहणाऱ्या माणसाची मान कधी सैल होत नाही हे मला तिथे कळलं.

पालथ्याचं उताणं होणं हा या प्रकारातला थरार. टेबल तेलाने निसरडं, आपण तेलाने निसरडे, आणि धरायला काही नाही. दोघी दोन्हीकडून आधार देतात, तरी अब्रू आणि कंबर दोन्ही सांभाळत वळायचं म्हणजे कसरतच. त्यानंतर वाफेची पेटी, डोकं बाहेर आणि धड आत. शेवटी मुगाच्या पिठाने तेल काढून देतात, पण केसांतलं जात नाही. घरून जुने कपडे न्यावेत आणि त्या दिवशी कुणाच्या साखरपुड्याला जायचं ठरवू नये. शिरोधारेत कपाळावर अर्धा-पाऊण तास कोमट तेलाची धार सोडतात. काही लोक घोरतात. मला सारखं वाटत राहिलं, भांड्यात अजून किती तेल उरलं असेल?

शहरातल्या स्पामध्ये भाषा बदलते, कागद येतो. रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, नुकतं झालेलं ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, त्वचेचा काही त्रास. लोक यावर भराभर ‘नाही’च्या खुणा करत सुटतात, जसं काही प्रत्येक ‘हो’मागे पैसे वाढणार आहेत. खरं लिहावं. ताप असताना मालिश नको. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली असेल तर चोळून घ्यायला नाही, डॉक्टरांकडे जायचं. ती शिरेत धरलेली रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून वर जाऊ शकते.

इथे मेनूकार्डावर पहिलं नाव स्वीडिशचं. एकोणिसाव्या शतकातल्या पेर हेनरिक लिंग या स्वीडिश व्यायामगुरूला त्याचं श्रेय सर्रास देतात. पण त्यातले हात, म्हणजे लांब सरकते हात, मळणं, घासणं, थोपटणं, यांची घडी बसवली ती योहान मेझगर या डच डॉक्टरने, असं आता अभ्यासक म्हणतात. प्रकार सौम्य. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. टेबलाला चेहऱ्यासाठी भोक असतं, त्यातून थेरपिस्टच्या चपला तेवढ्या दिसतात. थेरपिस्ट बाहेर गेल्यावर कपडे काढून चादरीखाली शिरायचं. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकी झाकलेला. ही चादर जिथे नीट सांभाळली जाते ती जागा चांगली. नसेल तर उठून कपडे घालून निघावं, भिडेखातर पडून राहायचं कारण नाही. हे उलट बाजूनेही खरं. भलत्या अपेक्षेने येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे या मुलींना आपलं काम घरी सांगतानाही जपून सांगावं लागतं. त्यांनी मध्येच काम थांबवून दार उघडलं तर तो त्यांचा पूर्ण हक्क आहे.

डीप टिश्यू हा त्याच कुळातला कडक भाऊ. तेल कमी, वेग कमी, आणि अंगठ्याऐवजी कोपर. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांच्या मानेच्या खाली, खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्याला एक हटकून दुखणारी जागा असते. तिथे कोपर टेकलं की माणसाला आपले सगळे पूर्वज आठवतात. इथे आपला मराठी स्वभाव आडवा येतो. थेरपिस्ट विचारते, ‘प्रेशर ठीक है?’ आणि आपण डोळ्यांत पाणी आलेलं असताना ‘हां हां, बिलकूल’ म्हणतो. कुणाला दुखावू नये म्हणून स्वतः दुखून घ्यायचं. दुसरी जमात याच्या उलट. दुखलं नाही तर पैसे वसूल झाले नाहीत असं मानणारी, ‘और जोर से’ म्हणत राहणारी. दोन्ही चुकतात. सहन होईना इतकं दाबलं तर स्नायू आपला बचाव करायला अजूनच घट्ट होतो. ‘थोडं हलकं’ एवढं म्हटलं की झालं, तिला त्याचा राग येत नाही. तिलाही कमीच जोर लावावा लागतो.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं, व्यायामानंतर ठणकतं तसं. त्याला ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ असं नाव देऊन वर लिंबूपाणी पाजतात. लिंबूपाणी छान लागतं, पण विषारी द्रव्यांचं खातं यकृत आणि मूत्रपिंडं सांभाळतात, त्यांना कोपराची गरज नाही. मालिशने पाठीचं-मानेचं दुखणं काही काळ हलकं होतं, घाबरल्या जिवाला शांत वाटतं, झोप येते. एवढं पुरेसं नाही का? पण पाटीवर एवढंच लिहिलं तर गिऱ्हाईक येत नसावं.

थाई मालिशमध्ये कपडे अंगावरच राहतात, किंवा ते लोक सैल पायजमा-सदरा देतात. जमिनीवर गादी, तेल नाही. युनेस्कोने 2019 मध्ये हा प्रकार आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. बँकॉकच्या वाट फो मंदिरात निजलेल्या प्रचंड बुद्धाइतकंच हेही प्रसिद्ध. 1955 पासून तिथे शाळा आहे आणि भिंतीतल्या शिळांवर माणसाच्या आकृत्या काढून दाबायच्या जागा आणि रेषा दाखवल्या आहेत. आधी त्या आकृत्या पाहून मग आत जाऊन आडवं होण्याने धीर येईल असं वाटलं होतं. आला नाही. माझ्या खांद्याइतकी उंची असलेल्या त्या बाईने माझ्या मांडीवर पाऊल रोवलं, दोन्ही हात मागून धरले आणि मला धनुष्याकार उचललं. योगासनं करायचा ज्यांना आळस आहे त्यांच्यासाठी हा उत्तम प्रकार आहे, आसन दुसरं कुणीतरी करवून घेतं. मात्र गुडघा किंवा पाठीचा कणा दुखावलेला असेल तर ते आधी सांगायला हवं, भाषा येत नसली तरी बोट दाखवून.

पुरुषांचं एक वेगळं जग आहे, ते मला ऐकूनच माहीत. भाऊ कोल्हापूरला शिकत असताना तालमीत जायचा. तिथे मेहनत झाली की धाकट्या पोरांनी थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं, आणि वस्ताद शेजारी उभे राहून हात कुठे चुकतोय ते सांगायचे. रगडता रगडता धाकट्यालाही दंड-मांड्यांची सगळी ओळख व्हायची. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारे मालिशवाले मात्र मी पाहिलेत. ना चादर, ना फॉर्म, ना मंद संगीत. भर गर्दीत एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले, आणि मालिशवाला त्यांचं डोकं दोन्ही हातांत घेऊन टिचक्या वाजवतोय. ठरलेलं असतं फक्त डोकं. खांदे आणि हात कसे लागले हे पैसे देताना कळतं.

माझ्या नेहमीच्या जागेतली मुलगी मिझोरामची आहे. एकदा तिच्या अंगठ्याला पट्टी दिसली. या कामात आधी अंगठा जातो आणि मग मनगट, म्हणून तर शिकवतानाच कोपर आणि शरीराचं वजन वापरायला सांगतात. मी विचारलं, तुझी मान धरली तर तू कुठे जातेस? ती हसली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मुली एकमेकींचं करतात म्हणे. पण त्यात रोज भांडणं. सगळ्यांना आधी करून घ्यायचं असतं, कारण करून घेतलेली झोपून जाते आणि दुसरीची पाळी बुडते. आता मॅनेजरबाईंनी वहीत पाळ्या लिहून ठेवल्या आहेत.