तुम्ही विचारलंत म्हणून: लेक स्कार्फ का नाही बांधत?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी विचारला जातो आणि दर वेळी विचारणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "तुम्ही अजून स्कार्फ बांधता आणि लेक मात्र मोकळ्या केसांनी, छान हो!" त्या 'छान हो'मध्ये निकाल लागलेला असतो, लेक पास, मी नापास. नणंद फोनवर विचारते, "भाभी, बच्ची को समझाया नहीं क्या?" तिथे मार्क उलटे. मी दोघींना एकच उत्तर देत आले, तिची मर्जी. ते अर्धंच खरं आहे, म्हणून बाकीचं आज लिहून टाकते, परत परत भाजीच्या गाडीशी उभं राहून सांगायला नको.

आणि बुरखा नाही हो, स्कार्फ. चेहरा उघडा असतो माझा, चार वर्षं समोर राहून तुम्हाला तो ओळखू येतोच की. सैफी नगरच्या बोहरी बायकांच्या रंगीत, दोन तुकड्यांच्या रिदालाही तुम्ही बुरखाच म्हणता. असो.

आधी माझं. माहेर गडहिंग्लजचं, लग्न करून १९९९ ला इंदोरला आले. सासरी हिंदी-उर्दू, माझ्या तोंडात कोल्हापुरी मराठी, त्यामुळे इथली मराठी मंडळी मला चटकन आपलं म्हणायची आणि मग डोक्याकडे बघून जरा गोंधळायची. पण सुरुवातीला डोक्यावर काही नव्हतंच. सासूबाई काळा बुरखा घालायच्या, मी नाही म्हटलं, त्यांनी एकदा विचारून सोडून दिलं. मी भंवरकुआंला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे, स्कूटीवरून जायचे. आता इंदोरातल्या दुचाकीवरच्या मुली तुम्ही बघितल्या असतीलच, ओढणी नाहीतर स्टोल डोक्याला आणि तोंडाला असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसतात, त्यात जैन, शर्मा, पाटील, सगळ्या असतात, धूळ आणि ऊन आहे म्हणून, आणि कोणाला ओळखू येऊ नये म्हणूनही. मीही तसाच गुंडाळायचे. क्लासच्या दारात सोडून डिकीत टाकायचे.

एका पावसाळ्यात केस ओले होते म्हणून स्टोल काढलाच नाही, तोंडावरचा खाली केला, डोक्यावरचा तसाच, आणि दोन तास शिकवलं. एका मुलाचे वडील होते, रोज फीच्या, टेस्टच्या बहाण्याने माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, फार जवळ. त्या दिवशी ते दोन पावलं लांब उभे राहिले. बास, एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता तरी मी काढला नाही. घरी सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त सकाळी माझ्या पोह्यांवर शेव जरा जास्त पडली.

त्याच वर्षी अब्बा गेले, मी वाचायला लागले, मन लावून, आणि मग लोकांना सांगायला माझ्याकडे चांगलं कारण आलं. कुराणातल्या सूरह नूरची ३१ वी आयत, बायकांनी ओढणी छातीवर ओढून घ्यावी असं सांगणारी. ती सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या आधीची ३० वी पुरुषांना सांगते की नजर खाली ठेवा, ती मशिदीबाहेर फारशी ऐकू येत नाही. मी जी गोष्ट श्रद्धा म्हणून सांगत होते तिची सुरुवात अशी होती की एका माणसाने नजर खाली ठेवली नाही म्हणून मी डोकं झाकलं, तिसाव्या आयतीचं काम एकतिसावीकडून करून घेतलं. नंतर श्रद्धा आलीच नाही असं नाही. आली. आजही नमाज झाल्यावर तो कपडा डोक्यावर असतो तेव्हा मला बरं वाटतं, ते कोणाला पटवून द्यायला मी बसलेली नाही. पण आधी काय आलं ते मी वीस वर्षं कोणाला सांगितलं नाही.

तेव्हाची मी फार भांडायची. कोणी काही बोललं की म्हणायची, राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा बघा, डोक्यावर पदर आहे ना? मग? आमची दादीमा इरकली लुगडं नेसायची, पदर कधी डोक्यावरून ढळला नाही, शेजारच्या पाटलीणबाईंचाही नाही, दोघी बसून गहू निवडायच्या तर पाठमोऱ्या कोण कुठली कळायचं नाही. बिनतोड वाटायचं मला ते. आता तसं बोलत नाही, कारण दादीमाला कोणी विचारलं होतं का की पदर हवा की नको? पाटलीणबाईंना तरी? एकीला नव्हतं विचारलं म्हणून दुसरीचं न विचारणं ठीक होतं, हे कसलं उत्तर. तेव्हाची मी म्हणेल, बाई तू म्हातारी झालीस. असेन.

लेकीचं वेगळं होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये सोळा वर्षांची असताना तिने स्वतःच व्हिडिओ बघून बांधायला घेतला, माझ्यापेक्षा नीट, आत इनर कॅप, वर जॉर्जेट, पिना कुठे टोचायच्या ते मलाच शिकवलं. मी तर म्हटलं होतं, मे महिन्यात काय करशील गं. ती म्हणाली, तू काय करतेस? मग मी गप्प.

आता ते ज्याच्यासाठी लिहायला बसले.

२०२२, १७ जुलै, रविवार, नीटची परीक्षा. त्या वर्षी आमच्या घरात टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच, हिजाबमुळे अडवलेल्या उडुपीच्या मुली, कॉलेजचं गेट, मग १५ मार्चला कर्नाटक हायकोर्टाचा निकाल की हिजाब हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्यामुळे मी परीक्षेच्या सूचना तीनदा वाचल्या होत्या. त्यात स्पष्ट होतं की धार्मिक किंवा पारंपरिक पोशाख असेल तर तपासणीसाठी लवकर या. म्हणजे चालतो, फक्त लवकर या. धातू चालत नाही, म्हणजे पिना नाहीत, म्हणून आदल्या दिवशी बंबई बाजारातून होजिअरीचा आणला, डोक्यातून घालायचा, एकही पिन नाही. रात्री तिने घालून पेपर सोडवून बघितला, कानाला दाबतंय का, मान वळते का. पानाची प्रिंट काढून ठेवली. मला वाटलं आपण सगळा अभ्यास केलाय.

बाराला पोचलो. गेट दीडला बंद होणार, पेपर दोनला. रिमझिम पाऊस, पालक दोरीच्या बाहेर, मुलं आत रांगेत. तिचा नंबर आला तशी तपासणीची बाई म्हणाली, "ये निकालो." लेकीने प्रिंट दाखवली. बाईने वाचली नाही, वाईट नव्हती ती, घाबरलेली होती, म्हणाली, "बेटा ऊपर से बोला है, कैमरा लगा है, मेरी नौकरी जाएगी." कोणालातरी फोन केला आणि लेकीला सांगितलं, "साइड में खड़े रहो, सर आ रहे हैं." ती बाजूला उभी राहिली. सर येईनात. तिच्यामागच्या मुली एकेक करून आत जायला लागल्या. सगळे बघतायत. माझ्या शेजारी एक बाई, त्याही आपल्याकडच्याच, मला मराठीत म्हणाल्या, "अहो काढू दे ना, तीन तासांचा तर प्रश्न आहे, वर्ष जाईल पोरीचं." मी म्हटलं नियमात आहे. त्या म्हणाल्या नियम काय घेऊन बसलात. मागून एक माणूस, "अरे ड्रामा करने आते हैं." हे मी ऐकलं आणि तिनेही ऐकलं, कारण तिची मान जराशी वळली.

ती हलली नाही. हे मला सांगायचंय, अठरा वर्षांची पोर, हातात ते भिजलेलं पान, ती शांत उभी होती. मी शांत नव्हते. मला दोन वर्षांचा क्लास दिसत होता, फी दिसत होती, बंद होणारं गेट दिसत होतं. आणि मी दोरीवरून ओरडले, "काढ गं! काढ तो! जा आत!"

मराठीत ओरडले. घरात सगळे हिंदी बोलतात, मराठी आमच्या दोघींची, मी तिला मुद्दाम शिकवलेली, कोणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की आम्ही त्यात बोलायचो. त्या भाषेत मी तिला भर गर्दीत ते सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो, राग असता तर मी तो इतकी वर्षं फेडला असता. तिने जणू खात्री करून घेतली की हे मीच बोलले. मग दोन्ही हातांनी तो वरून काढला, केस चपटे, कानाशी चिकटलेले, गार्डच्या हातात दिला, गार्डने माझ्याकडे फेकल्यासारखा दिला, आणि ती आत गेली. मागे बघितलं नाही.

आणि मग सर आले. छत्री घेऊन, घाईत. बाईला म्हणाले, "अरे अलाउड है, चेक करके जाने दो." पाठोपाठ एक मुलगी आली, डोक्यावर साधी काळी ओढणी, तिला आडोशाला नेलं, तपासलं आणि ती ओढणीसकट आत गेली.

पाच वीसला पेपर सुटेपर्यंत मी तो ओला कपडा हातात धरून समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी होते. ती बाहेर आली, केसांना कोणाचातरी रबर बांधलेला, म्हणाली फिजिक्स लांबलचक होता. कपडा मागितला नाही. मी दिला नाही. घरी येऊन जेवली, झोपली. तेव्हापासून बांधत नाही.

मी विचारलं तिला. एकदा नाही, पुष्कळदा. ती म्हणते, "अम्मी, त्याचा काही संबंध नाही, माझं आधीच ठरत आलं होतं." असेलही. पुढे सप्टेंबरमध्ये इराणात हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, लेक रात्र रात्र ते व्हिडिओ बघायची आणि म्हणायची बघ. मी बघितलं. मग वाचलंही. त्याच देशात १९३६ मध्ये तिथल्या बादशहाचे, रझा शाहचे पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगभर पांघरलेल्या चादरी ओढून काढायचे, आणि १९८३ मध्ये डोकं न झाकणाऱ्या बाईला ७४ फटक्यांचा कायदा आला. काढ म्हणणारे आणि घाल म्हणणारे. लेकीला म्हटलं, बघ, दोन्हीकडे हुकूमच. ती म्हणाली, "हो, आणि आपल्याकडे गेटवर?" मी भांडी घासायला गेले.

ऑक्टोबरात कर्नाटकच्या हिजाबवर सुप्रीम कोर्टाचाही निकाल आला, दोन न्यायमूर्ती, दोन उलटी मतं, प्रकरण मोठ्या पीठाकडे. काकूंनी तेव्हाही विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" अहो, तिथे दोघांचं जमलं नाही, मी भाजी घेतेय.

आणि शाहबानोचं नाव काढू नका म्हटलं तरी तुम्ही काढताच, तुमच्या इंदोरची ना, म्हणून. हो, इंदोरची. ६२ व्या वर्षी वकील नवऱ्याशी पोटगीसाठी भांडली, हायकोर्टाने महिन्याला १७९ रुपये २० पैसे ठरवले, १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टातही जिंकली. फोटोत डोकं झाकलेलंच आहे तिचं, त्यामुळे झाकलेल्या डोक्यात काही चालत नाही हे मला सांगू नका. पण गोष्ट तुम्ही तिथेच थांबवता. त्याच वर्षी आपल्याच माणसांच्या दबावाखाली तिने पत्रावर अंगठा दिला की मला हा निकाल नको. त्या अंगठ्यात तिचं स्वतःचं किती होतं? पूर्वी मला वाटायचं काहीच नव्हतं, सगळा दबाव. आता वाटतं तिलाही नीट सांगता आलं नसतं. थकली असेल. भोवतीचे सगळे एकच बोलत असतील, त्यात एखादा जवळचा आवाजही असेल.

म्हणजे मला स्कार्फ हवाय का, तर हो. तिने परत बांधावा असं वाटतं का, तर काही दिवस वाटतं, आणि काही दिवस ती स्कूटीवरून येते, वारा केसात, तेव्हा मला गडहिंग्लजची मी आठवते आणि अजिबात वाटत नाही. नणंदेला हे सांगितलं तर ती दुआ करेल आणि काकूंना सांगितलं तर त्या टाळ्या वाजवतील, म्हणून दोघींना सांगत नाही.

मेडिकल मिळालं नाही तिला. फिजिओथेरपी करतेय, चांगलं चाललंय. जाताना माझाच स्टोल खुंटीवरून ओढून तोंडाला गुंडाळते, धुळीसाठी, आणि कॉलेजच्या दारात काढून डिकीत टाकते.

हे लिहून झाल्यावर काल तिला वाचायला दिलं, तिच्याबद्दल आहे तर तिला विचारायला हवं म्हणून. तिने सगळं वाचलं. म्हणाली, ठीक आहे, असू दे. मग विचारलं, "तू ओरडलीस तेव्हा किती वाजले होते, ते लिहिलं नाहीस."

मी म्हटलं एक पंचवीस, गेट बंदच होत आलं होतं.

"एक दहा," ती म्हणाली.

तुला कसं माहीत, घड्याळ तर आत नेऊच देत नव्हते. तर म्हणे गेटच्या वर भिंतीवर मोठं घड्याळ होतं, ती त्याच्याकडेच बघत उभी होती. मला तर भिंतीवरचं घड्याळ आठवत नाही.