सुटी सिगरेट आणि मोबाइलवरचा प्रोग्रॅम

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सिगरेट सोडण्याचा प्रोग्रॅम मोबाइलवर लावून देताना गाडी बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर अडते : दिवसाला किती पाकिटं? पुण्यातला अकरावीचा पोरगा पाकीट घेतोच कुठे! क्लास सुटला की टपरीवर एक कटिंग आणि एक सुटी. सुटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, अठराच्या आतल्याला तर २००३ च्या कायद्याने काहीच विकता येत नाही, तरी मिळते. पाकिटावर १८००-११-२३५६ हा मदतीचा टोल-फ्री नंबर छापलेला असतो, पण सुटी ओढणाऱ्याला तो दिसणार कसा? म्हणून मी आधी तो सेव्ह करून देतो.

पहिला आठवडा सोडायचं नाही, फक्त नोंद : किती वाजता, कुठे, कोणासोबत. व्हेपही (ई-सिगरेट) विचारून घ्यायचा; त्यावर २०१९ पासून बंदी असल्यामुळे मुलं तो आपणहून सांगत नाहीत. मग सिगरेट सोडायची दोन आठवड्यांच्या आतली तारीख ठरवायची. परीक्षेचा किंवा ढोल-पथकाच्या सरावाचा आठवडा टाळलेला बरा.

खरी मेख मेसेजच्या वेळेत आहे. प्रोग्रॅम सकाळी दहाला धीर देतो, तलफ येते संध्याकाळी साडेसहाला. नोंदीत जी वेळ सारखी दिसते, तिच्या दहा मिनिटं आधीची आठवण लावायची. मजकूर छोटा : ‘पाणी पी. दुसऱ्या रस्त्याने जा.’ तलफेचा जोर साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरतो, तेवढाच वेळ काढायचा असतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड. चिडचिड, झोपमोड, अभ्यासात लक्ष न लागणं, हे सगळं दोन ते चार आठवड्यांत कमी होतं; मुलाला हे आधीच सांगितलेलं असावं, नाहीतर त्याला वाटतं, सिगरेटशिवाय आपलं डोकंच चालत नाही. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, पण अठराच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एखादी ओढली गेली की काही अ‍ॅप दिवसांचा आकडा शून्यावर आणतात. वीस दिवस वाया गेले म्हणून मुलं अ‍ॅपच काढून टाकतात. मी तो आकडा बंद करून ठेवतो आणि ओढली त्या दिवशी फक्त कारण लिहायला लावतो. लॉक स्क्रीनवरची सूचनाही लपवायची. मेसेज आईने आधी वाचला, तर घरात वेगळीच चौकशी सुरू होते.