नऊ मांजरं

सुमनने आणलेल्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या पोरांनी काल दारातच विचारलं, "मावशी, मांजरं किती?" मी म्हणाले, बावीस. विचारसुद्धा करावा लागला नाही.

पोरांनी एकेक पकडून गळ्यात लोकरीचा दोरा बांधत मोजली. ३१ भरली.

नऊ जास्तीची. रात्रभर डोळा लागला नाही. नुसत्या म्याँववरून कोण ते सांगते म्हणायचे मी. मग ही नऊ कोणाची? त्यातलं एक ज्वारीच्या कणगीमागे निघालं, दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले. किती दिवसांपासून? दहा पावलांवर मी रोज दूध तापवत होते. घरात येताच त्यांच्यातल्या एका पोरीने नाकाला ओढणी लावली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वासच येत नाही.

खोक्यात घालून रात्री माझ्या दारात पिल्लं सोडणारे ह्याच गल्लीतले आहेत. आता 'मांजरवाली' म्हणतात. तेव्हा कुणी विचारलं नाही, आक्का, तुझं कसं चाललंय. जाऊ दे.

टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेच्या, १४४१६ वर सुमननेच फोन लावून दिला होता. तिथून डॉक्टरबाईंपर्यंत पोचले. त्या म्हणाल्या, असं जमवत राहणं हा आजार आहे, २०१३ पासून याला वेगळं नाव आहे. नुसती मांजरं उचलून नेली तर माणूस पुन्हा जमवतं, म्हणून मांजरांची नसबंदीची ऑपरेशनं आणि तुमचं बोलणं दोन्ही सोबत चालू द्या. मी मान हलवली. पण मन तेव्हाही बावीसवरच होतं.

पहाटे उलगडलं. बावीस खोटं नव्हतं, ते दिवाळीचं होतं. पाच महिन्यांची मांजरसुद्धा गाभण राहते, दोन महिन्यांत विते. मोजणं मी दिवाळीनंतर सोडलं. ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर. मोजलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि घर...

मंगळवारी चार माद्यांची ऑपरेशनं आहेत. तीन पिल्लं जिंतूर रोडच्या शेतावर जातील. सुमनने विचारलं तेव्हा मी हो म्हणाले, आणि आवाज कापला नाही. ३१ मला एकटीला झेपत नाहीत, हे तिला सांगताना उलट हलकं वाटलं.

डॉक्टरबाईंनी रोज आकडा लिहायला सांगितलाय. सकाळी दोरे बघत मोजली तर तीसच. पोटात गोळा आला. एक दिवाणाखाली होतं, त्याने दोरा कुरतडून टाकलेला. नवा बांधला. कणगीमागच्याच्या डोळ्यांत मलम घातलं, डावा थोडा उघडलाय.

आज ३१.