वाटी हलवून बघा

मी एक्स-रे टेक्निशियन, बावीस वर्षं झाली, कोल्हापुरातच. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिही म्हटल्यावर स्नेहसंमेलन, सहली सगळं आठवलं पण लिहावंसं वाटलं ते नववीतल्या विज्ञानाच्या बाईंच्या एका तासाबद्दल.

आपल्या प्रयोगशाळेत तेव्हा सांगाडा नव्हता. एक चार्ट होता, तोही दांडीपाशी फाटलेला, आणि बाईंनी तो उघडलाच नाही. म्हणाल्या, उजवा हात बाकावर ठेवा, तळवा वर, आणि डाव्या हातानं कोपराच्या खाली धरा, आता तळवा पालथा करा, काय हललं सांगा. आम्ही पोरं पाच मिनिटं नुसते हात उलटेपालटे करत बसलो. करंगळीकडचं हाड जवळजवळ जागच्या जागी राहतं आणि अंगठ्याकडचं त्याच्यावरनं आडवं जातं, हे पुस्तकात वाचायच्या आधी बोटांना कळलं. कुलपात किल्ली फिरवताना, भाकरी तव्यावर उलटताना हेच होतं असं बाई म्हणाल्या. मग पाय लांब करून सैल सोडायला लावला, गुडघ्याची वाटी चिमटीत धरून हलवा, हलते ना, आता मांडी ताठ करा. हलेना! मांडीचा स्नायू त्या वाटीला ओढून धरतो म्हणून.

जन्मताना तीनशेच्या आसपास असलेली हाडं जुळत जुळत मोठेपणी २०६ होतात हे सगळ्यांनाच पाठ होतं, पण त्यातली १०६ नुसत्या हातापायाच्या पंजांत आहेत हे त्यांनी आमच्याकडनं मोजून घेतलं, एका हातात २७ आणि एका पावलात २६.

आमच्या वर्गात तालमीतला एक पोरगा होता, पहाटे जोर-बैठका मारून, दूध पिऊन शाळेत यायचा. खासबागेच्या कुस्ती मैदानात कधीतरी लढायचं एवढंच त्याच्या डोक्यात. त्या आठवड्यात त्याचा खांदा निखळला होता आणि कुणीतरी तिथल्या तिथं हिसका मारून बसवला होता. बाईंनी त्याला जवळ बसवलं, स्वतःची एक मूठ दुसऱ्या तळव्यावर ठेवून दाखवली, खांद्याची उखळ इतकी उथळ असते म्हणून हात चहूकडं फिरतो आणि म्हणूनच निसटतो, खुब्याची खोल असते. आणि मग एकदम आवाज बदलून म्हणाल्या, बाळा, परत कुणाला ओढू देऊ नकोस, काखेतनं नसा आणि रक्तवाहिन्या जातात, आत हाड मोडलंय का ते आधी बघावं लागतं. त्याचा खांदा पुढं अजून दोनदा निखळला आणि कुस्ती सुटली, मला त्याचं आजही वाईट वाटतं. कोवळ्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची भीती फार असते, तेव्हा नीट उपचार मिळाले असते तर असं सारखं मनात येतं.

आता रोज हाडं बघतो. परवा चार वर्षांच्या पोराचा हात होता, आई रडकुंडीला आलेली, मनगटाजवळ फट दिसतेय म्हणजे मोडलंयच म्हणून. मनगटात आठ छोटी हाडं असतात पण त्या वयात साधारण तीन-चारच दिसतात, बाकीची अजून कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचिक असतात आणि कूर्चा फिल्मवर उमटत नाही. ती फट म्हणजे हाड वाढायची जागा. डॉक्टरांनी मोडलेलं नाही असं सांगितल्यावर मी तिला स्क्रीनवर सगळं दाखवलं, सगळ्यांना दाखवतो, बाईंची सवय लागलीय.

आणि गेल्या दिवाळीनंतर बाई स्वतः आल्या. रंकाळ्यावर रोज फिरायच्या, आता अर्ध्यातच बसावं लागतं म्हणाल्या. गुडघ्याचा फोटो उभं करूनच काढला, कारण वजन पडल्याशिवाय सांध्यातली खरी फट, म्हणजे कूर्चा किती उरलीय ते, कळत नाही. मला ओळखलं नव्हतं, नाव सांगितल्यावर ओळखलं. फिल्म हातात घेऊन त्यांनी पहिलं विचारलं, आतल्या बाजूला किती उरलीय रे? मी म्हटलं, कमी झालीय बाई. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, झिजली की भरून येत नाही, हे मी त्यांना काय सांगणार. त्यांनी मान हलवली, बाकावर बसून पाय लांब केला, मांडी सैल सोडली आणि वाटी चिमटीत धरली.

"ही अजून हलतेय बघ," म्हणाल्या.